दोन पौंडांचा फरक

पेन्सिलीला ब्लेडनं टोक काढणं ही एक कला आहे आणि ती मला आजतागायत साधलेली नाही. शाळेत मी नव्या पेन्सिलीला टोक काढायला बसलो की शेजारचा मुलगा आपली पेन्सिल मला उसनी द्यायला आधीच काढून ठेवत असे. माझ्या हातून पहिल्यांदा लाकूड जाई, मग शिसं जाई, मग बोटाचा थोडा भाग जाई आणि शेवटी जे उरे ते दात कोरायलाही अपुरं पडे. पुढं घरात शार्पनर आला. भोकात पेन्सिल घालायची आणि फिरवायची. कोन कसा धरायचा, किती दाबायचं, हा सगळा विचार त्या एवढ्याशा डबीनं माझ्या वतीनं आधीच करून ठेवलेला! मी सुईसारखं टोक काढून वडिलांना दाखवायला गेलो. त्यांनी ते बोटावर टोचून पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. पण हे तू नाही काढलंस, शार्पनरनं काढलं."

वडील शिक्षक होते. शिक्षकांना मुलांचा आनंद फार वेळ बघवत नाही.

पण ते वाक्य माझ्या डोक्यात शिशाच्या तुकड्यासारखं मोडून राहिलं. साच्यात घातल्यामुळं जे सरळ झालं, ते सरळपण कुणाचं? साच्याचं, की सरळ होणाऱ्याचं?

आमच्या घरात हा प्रश्न दर गणेशचतुर्थीला उकडून निघतो. माझ्या बायकोचं माहेर कोकणातलं. सासूबाई हातानं मोदक वळायच्या. कळ्या मोजून घ्याव्यात अशा. बायको साचा वापरते. सासूबाई होत्या तोवर तो साचा त्यांच्यासमोर बाहेर निघत नसे. लपवून ठेवलेल्या तंबाखूच्या डबीसारखा कपाटामागं पडून असे. एकदा सापडला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मोदक बरे झालेत हो. कुठल्या दुकानातले?" नंतर दोन दिवस स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात वाजत होती. वास्तविक साच्यातल्या मोदकाला कळ्या सारख्या असतात आणि सारण गळत नाही. पण त्यात हात दिसत नाही, अशी तक्रार. मी दोन्ही बाजूंचे मोदक खाऊन तटस्थ राहिलो. संसारात तत्त्वज्ञानाचा उपयोग असतो तो इतकाच.

हा प्रश्न मोदकापाशीच राहिला असता. पण मध्ये माझ्या मामांची बंदूक आली. मोदकावरून एकदम बंदुकीवर उडी मारल्याबद्दल वाचकांनी दचकू नये. बंदूक परवान्याची होती.

मामा आटपाडीचे. आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती, संस्थान विलीन झाल्यावर ती सातारा जिल्ह्यात गेली, १९४९ साली दक्षिण साताऱ्यात आली आणि १९६० साली त्याच जिल्ह्याचं नाव सांगली झालं. या सगळ्या काळात मामा जागचे हलले नाहीत, जिल्हेच त्यांच्या अंगावरून गेले. माणदेशी माणूस तसा हलणारा नव्हे, असं म्हणावं तर त्याच भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोनंचांदी गाळण्यासाठी, पार पंजाब-बंगालपर्यंत पसरलेली आहेत. पण मामांचं म्हणणं असं, की सगळेच गेले तर मागं राहून भांडायला कुणीतरी पाहिजे.

तर मामांकडे दुनळी बारा बोअरची बंदूक होती. परवाना पीकसंरक्षणाचा. पिकाचं संरक्षण तिनं कितपत केलं ठाऊक नाही, कारण माणदेशात पीक आधी पावसापासून वाचायचं, म्हणजे त्याच्या न येण्यापासून. आणि पावसावर बंदूक चालत नाही. खंडेनवमीला मात्र ती बाहेर निघे, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल घेई आणि परत कपाटात जाऊन उभी राही. तिची निगा मामा स्वतः राखत. निगा म्हणजे घाण्याचं शेंगतेल. शेंगतेलानं माणसाचं अंग सुधारतं, तर लोखंडानं काय पाप केलंय, हा त्यांचा युक्तिवाद.

१९८३ च्या उन्हाळ्यात मी सुटीला गेलो तेव्हा बंदुकीचा उजवा चाप ओढायला दोन बोटं आणि एक शिवी लागत होती. डाव्याचं उलट. तो नुसत्या नजरेनं सुटेल की काय अशी भीती वाटे. "उजवा रेडा हाय आन् डावा शिंगरू," मामा म्हणाले. "चल, मिस्त्रीकडं जाऊ."

बंदूक दुरुस्त करणं म्हणजे सायकल दुरुस्त करणं नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं दुरुस्तीलासुद्धा परवाना लागतो. त्यामुळं आम्ही घोंगडीत गुंडाळलेली बंदूक आणि खिशात तिचे कागद घेऊन एसटीत बसलो. कंडक्टरनं विचारलं, "ह्यात काय हाय?" मामा म्हणाले, "बंदूक." त्यानंतर आम्हाला दोघांना मिळून तीन जणांचं बाकडं मिळालं आणि सुट्टे पैसेही परत मिळाले.

मिस्त्रींचं दुकान म्हणजे एक बोळ होता, त्याला दार लावलेलं. म्हातारा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. त्यांनी बंदूक हातात घेतली, नळ्या मोडून आत काही भरलेलं नाही हे दोनदा पाहिलं, मग दस्त्याकडचा भाग उघडला. आत काळी राळ साचलेली. वास भज्यांच्या कढईचा.

"तेल कुठलं, मालक?"

"घरचं. घाण्याचं," मामा अभिमानानं म्हणाले.

मिस्त्री काही बोलले नाहीत. रॉकेलमध्ये एकेक भाग धुऊन त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग भिंग न काढताच विचारलं, "ह्याच्यावर कानस कुणी चालवली?"

मामा भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. कॅलेंडर मागच्या वर्षीचं होतं.

आता इथं थोडं यंत्र समजून घ्यायला हवं. घाबरू नका, मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल. बंदुकीच्या पोटात घोडा असतो. त्याच्या मागं जबरदस्त स्प्रिंग असते आणि ती त्याला सारखी म्हणत असते, 'जा, जा.' त्याला थोपवून धरते एक लहानशी पोलादी जीभ. घोड्याला खालच्या अंगाला एक खाच असते, त्या खाचेत ही जीभ अडकलेली असते. चाप ओढला की जीभ खाचेतून सरकते आणि घोडा सुटतो. मिस्त्री त्या जिभेला 'सिअर' म्हणत होते, मामा 'शेर' ऐकत होते आणि दोघांचं उत्तम चाललं होतं.

गंमत अशी, की जीभ आणि खाच एकमेकींना जिथं टेकतात ती जागा तांदळाच्या दाण्याएवढीसुद्धा नसते. ती खडबडीत असली तर चाप जड होतो. ती गुळगुळीत असली पण कोन बिघडला, खाचेची कड गोल झाली, तर जीभ नुसती टेकल्यासारखी राहते. मग बंदूक दाराच्या चौकटीला आपटली तरी सुटते. चापाला बोट लावायचंही कारण नाही. मामांनी उजव्या खाचेवर कानस मारून तिचं नांगरलेलं रान केलं होतं आणि डाव्या खाचेची कड घासून घासून पार म्हातारीच्या हिरडीसारखी करून ठेवली होती.

"ही डावी बाजू," मिस्त्री म्हणाले, "तुमच्या कपाटात भरलेली उभी असती, आन् कुणी कपाटाचं दार आपटलं असतं..."

मामींना दारं आपटायची सवय होती. मामांनी कॅलेंडर वाचायचं सोडलं.

मग मिस्त्रींनी फळीवरून एक वस्तू काढली. पोलादाची वीतभर पट्टी, तिच्यावर घोडा बसवायला खिळी, आणि समोर दोन टेकूंवर एक बारीक रूळ. रूळ स्क्रूनं वरखाली होणारा. घोडा खिळीवर पक्का बसवायचा. मग बारीक ऑईलस्टोन घ्यायचा; त्याचं एक टोक खाचेवर आणि दुसरं त्या रुळावर टेकवायचं. दगड पुढं-मागं सरकतो. डावीउजवीकडं कलत नाही. रूळ जेवढा उंच, तेवढा कोन. कोन एकदा ठरला की मग हाताला मत उरत नाही. मिस्त्री त्याला 'जिग' म्हणत. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. हा तर शार्पनर! मोदकाचा साचा!

खाचेवर त्यांनी दिव्याची काजळी धरली. दगडाचे दोन हात मारले, भिंगातून पाहिलं, काजळी कुठं गेली ते बघितलं. परत काजळी. परत दोन हात. दुपार कलली तरी माणूस दोन-दोन हातांच्या पुढं जाईना. मला पुण्याच्या ऑफिसातली माझी फाईल हलवण्याची पद्धत आठवली. फरक एवढाच, की इथं काम होत होतं.

न राहवून मी विचारलं, "मिस्त्री, इतकी वर्षं हे काम करताय. अजून तुम्हाला ही जिग लागते?"

"शिकाऊ हुतो तवा लागत न्हवती," मिस्त्री म्हणाले. "तवा मला सगळं यायचं."

थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, "ह्या लोखंडाला वरनं कडक कातडं असतं, बगा. कागदासारखं. आत मऊ. कातडं फाटलं की आतलं चार दिवसांत झिजतं. घेतलेलं पोलाद परत लावता येत न्हाई. हात माझा चांगला हाय, पर रोज चांगला नसतो. कवा बायकोशी भांडण, कवा ताप. आन् ज्या दिवशी वाईट असतो त्या दिवशी तो मला सांगत न्हाई."

शेवटी बंदूक जोडून झाली. मिस्त्रींनी एक स्प्रिंगकाटा काढला, त्याचा आकडा चापाला लावला आणि ओढून वजन बघितलं. इथं मामा पुन्हा धंद्यात आले. "हलका ठेवा. बोट लागलं की उडली पाहिजे."

"बंदूक सात पौंडांची हाय. चापाला निम्मं वजन, ही जुनी रीत. साडेतीन. डाव्याला थोडं जास्त. मी दोन्हीकडं चार ठेवलंय."

"दोन करा."

"दोन माझ्याकडं हुत न्हाई."

"जादा पैसे देतो की."

"पैशाचा सवाल न्हाई, मालक," मिस्त्री बंदूक घोंगडीत गुंडाळत म्हणाले. "चार पौंडाला बोट मालकाला इचारतं. दोन पौंडाला नंतर सांगतं."

मामांना हे आवडलं नाही. येताना एसटीत सगळा वेळ, मिस्त्रीला काम येत नाही, म्हणून तो नियम सांगतो, हेच चाललं होतं. दोन पौंड म्हणजे पक्क्या शेराला थोडं कमीच. "शेरभर वजनासाठी म्हाताऱ्यानं अडवलं," हे मामांनी पुढं वर्षभर गावात सांगितलं.

त्यानंतर बरीच वर्षं मी ती बंदूक विसरलो. मामाही थकले. एकदा दिवाळीत गेलो होतो, रात्री अंगणात बाज टाकून आम्ही दोघं पडलो होतो. मामा आभाळाकडे बघत म्हणाले, "तुला मिस्त्री आठवतो का?"

आणि मग त्यांनी सांगितलं. ते जसं सांगितलं तसंच लिहितो, कारण यात विनोद घालायला माझा हात धजत नाही.

बंदूक दुरुस्त केल्यावर दोन-तीन वर्षांनी एक कोरडं साल आलं. विहीर चुलतभावाशी सामाईक. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. मामांच्या पाळीच्या रात्री वीज आली, मोटार सुरू झाली आणि पाणी मामांच्या वाफ्यात येईना. बांधावर जाऊन बघितलं तर चुलतभाऊ पाठमोरा उभा, दारं फोडून पाणी आपल्याकडं वळवलेलं. ही तिसरी वेळ होती. मामा ओरडले नाहीत. परत घरी आले, कपाट उघडलं, दोन काडतुसं घातली आणि बांधावर गेले.

"सेफ्टी?" मी विचारलं. त्या बंदुकीला वरच्या अंगाला अंगठ्यानं सरकवायची एक खिटी होती. ती मागं असली की चाप अडकतो.

"ती घरातनं निघतानाच पुढं ढकलली हुती. अंधारात इसरायला नको म्हणून."

चुलतभाऊ अजून पाठमोराच. मामांनी नेम धरला. बोट चापावर ठेवलं आणि ओढलं.

"ओढलं, बाबा. तुला खोटं सांगत न्हाई. ओढलं, आन् तो आला न्हाई. जड लागला. मी म्हटलं, आईला, मिस्त्री! आन् त्येवढ्यात त्यो वाकला, फावडं उचलाया. वाकला तर हुबेहूब आमचा आजा. आज्याचा डावा खांदा पडल्याला हुता, तसाच. मी बोट काढलं."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मामा म्हणाले, "दोन पौंड असतं, तर मी आज स्वतंत्रपूरला दारं धरत असतो. तिथली माणसं आन् मी, दोन पौंडांचा फरक हाय बग."

आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर बाहेरच्या लोकांना ठाऊक असतं ते एका चित्रपटामुळं. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' १९५७ साली आला. कथा ग. दि. माडगूळकरांची, म्हणजे याच मुलखातल्या माणसाची. आणि तिच्या मागं उभी होती ती ही कैद्यांची वसाहत. औंध संस्थानानं ती १९३९ साली काढली. बाळासाहेब पंतप्रतिनिधी राजे होते आणि या कामात त्यांच्याबरोबर होता मॉरिस फ्रीडमन नावाचा, पोलंडहून आलेला आणि गांधीजींच्या नादी लागलेला इंजिनिअर. लांबलचक शिक्षेच्या कैद्यांना जमीन द्यायची, राहायला घर द्यायचं, बायकामुलांना जवळ ठेवू द्यायचं आणि भिंत बांधायची नाही. वसाहत आजही चालू आहे. चित्रपट लहानपणी मी तंबूत बसून पाहिला, तेव्हा मला सगळ्यात आश्चर्य वाटलं होतं ते हे, की कुलूप नसताना माणसं पळून का जात नाहीत. आमच्या शाळेला तर कुलूप असूनही आम्ही पळत होतो.

मला कौतुक वाटतं ते त्या इंजिनिअरचं. कारखान्यात वाढलेला माणूस. माल सरळ हवा असेल तर तो पक्का आवळून धरावा लागतो, हे त्याला मिस्त्रीपेक्षा कमी ठाऊक नसणार. तरीही माणसाचा विषय निघाल्यावर त्यानं आवळणारी भिंतच काढून ठेवली. हे कसं काय?

बाजेवर पडल्यापडल्या मी याचा विचार केला आणि मला असं वाटलं, की साचे दोन जातींचे असतात. एक पांगुळगाड्याचा. मूल त्याला धरून चालायला शिकतं आणि एके दिवशी तो माळ्यावर जातो. कित्ता त्याच जातीचा. दुरेघी वहीही त्याच जातीची. रेघा पुढं कागदावरून जातात पण हातात राहतात. (माझ्या हातात राहिल्या नाहीत, तो वेगळा प्रश्न.) तुरुंगाची भिंत हा फार तर पांगुळगाडा आहे, जन्मभर त्यात ठेवलेलं माणूस चालायला शिकत नाही, असं स्वतंत्रपूर काढणाऱ्यांचं म्हणणं असावं. आणि ते मला पटतं.

पण मिस्त्रींची जिग त्या जातीची नव्हे. ती माळ्यावर जात नाही. उलट हात जितका तरबेज होईल तितकी ती जास्त लागते, कारण तरबेज हातालाच स्वतःची खात्री वाटू लागते. कच्चा हात आधीच भीत असतो. आणि जिथं गेलेलं परत लावता येत नाही, पोलाद असो की माणूस, तिथं खात्री ही चीज फार धोक्याची.

मग राग कुठल्या जातीत घालायचा? आपल्याला वाटतं, वय झालं, पोक्त झालो, आता राग आपल्या हातात आला. मामा त्या रात्री पन्नाशीचे होते. गावची भांडणं मिटवायला लोक त्यांना बोलवत. आणि बंदुकीवर जी एकच गोष्ट त्यांच्या स्वतःच्या ताब्यात होती, ती सेफ्टी, ती त्यांनी आपल्या अंगठ्यानं, नीट लक्षात ठेवून, पुढं ढकलली. रागावलेला माणूस स्वतःची कुलपं स्वतःच उघडत जातो, आणि किल्ल्या कुठं आहेत हे त्याला इतर कुणापेक्षा चांगलं ठाऊक असतं. उघडता आलं नाही ते एवढंच, जे भलत्याच माणसानं, भलत्याच गावात, एका शांत दुपारी काजळी धरून पोलादात बसवून ठेवलं होतं.

तेव्हा प्रश्न पुन्हा वडिलांचाच. त्या रात्रीचं पुण्य कुणाचं? मामांचं, की जिगचं?

पुढं कळलं, की या प्रश्नावर इंग्लंड-अमेरिकेतही डोकेफोड झालेली आहे. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघा तत्त्वज्ञांनी १९७६ साली यावर निबंध लिहिले आणि त्याला नैतिक नशीब अशा अर्थाचं नाव दिलं. नेगेलच्या निबंधात एक ट्रकवाला आहे. त्यानं ब्रेक तपासून घेतलेले नाहीत. रस्त्यात मूल आलं नाही तर तो नुसता निष्काळजी. आलं तर मूल मारल्याचा डाग जन्मभर. निष्काळजीपणा दोन्ही वेळी तेवढाच, फरक फक्त रस्त्यावर कोण आलं याचा. मामांनी हे सगळं पौंडात सांगितलं होतं.

पण मामांना पूर्ण पुण्य नको होतं, तसं ते पूर्ण सोडायलाही तयार नव्हते. मी म्हटलं, "म्हणजे मिस्त्रीनं वाचवलं."

"मिस्त्रीनं येळ दिला," मामा म्हणाले. "आजा माझा मला दिसला. आणखी जोर लावला असता तर चार पौंड काय लई न्हाईत."

हे मला पुरेसं वाटतं. जिग कोन धरून ठेवते. दगड माणसालाच फिरवावा लागतो. शार्पनरमध्ये पेन्सिल घालून नुसतं बसलं तर टोक निघत नाही, हे वडिलांना मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. सुचलं ते चाळीस वर्षांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामींना हळूच विचारलं. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "मला सगळं ठावं हाय. त्या रातीपासनं काडतुसं माझ्या ट्रंकंत हायती. किल्ली कनवटीला. मागाया आलं की इचारते, कशापायी? कारण सांगंस्तवर भाकरी हुती." पुढं मामांनी बंदूक आणि परवाना दोन्ही रीतसर जमा करून टाकलं. चुलतभाऊ मामांच्या आधी गेला. तिरडीला पहिला खांदा मामांनी दिला. त्या रात्रीचं त्याला कधी कळलं नाही.

आता ही हकीकत मी आजच का लिहायला बसलो, तेही सांगून टाकतो. आमच्या वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून माझ्या धाकट्या भावात आणि माझ्यात गेलं वर्षभर धुमसतंय. पूर्वी असं काही झालं की माणूस आंतरदेशीय पत्र लिही. ते आणायला पोस्टात जावं लागे, लिहावं लागे, तिन्ही बाजूंनी घडी घालून चिकटवावं लागे आणि पुन्हा पेटीपर्यंत चालत जावं लागे. चांगला आठ पौंडांचा चाप होता. निम्मी पत्रं वाटेतच थंड होऊन परत घरी येत. आता खिशात फोन आहे आणि त्याला वजनच नाही. अंगठा नुसता टेकला की गेलं. बोट नंतर सांगतं.

परवा रात्री मी भावाला असा एक मजकूर लिहिला, की तो वाचून त्यानं जन्मात माझं तोंड पाहिलं नसतं. मुद्देसूद होता. आईच्या आजारपणात कोण किती दिवस आलं, याच्या तारखासुद्धा होत्या. अंगठा उचलला आणि का कोण जाणे, मला घाण्याच्या तेलाचा वास आला. मी फोन बायकोच्या हातात दिला आणि म्हटलं, "वाच आणि पाठव."

तिनं चष्मा लावला, सावकाश दोनदा वाचलं आणि फोन परत दिला. म्हणाली, "शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत. शिक्षकाचा मुलगा ना तू? आधी त्या सुधार, मग पाठवू."

मी चुका सुधारायला बसलो. त्यातली एक 'कृतघ्न' या शब्दात होती. तो शब्द त्या फोनवर माझ्याच्यानं काही केल्या धड उमटेना. शेवटी कंटाळून मी तो काढून टाकला. तो काढल्यावर त्याच्या पुढच्या वाक्याला अर्थ राहिना, म्हणून तेही काढलं. मग तारखा उगाचच वाटू लागल्या. मध्यरात्रीपर्यंत दगडाचे दोन-दोन हात मारता मारता मजकूर एवढाच उरला: 'दिवाळीला येणार आहेस का?'

तो पाठवला. साचा बायकोचा होता, हे मला मान्य आहे.